विमान कंपनीने स्वतःहून चूक कबूल केली की दंड माफ? हे मला तरी पटत नाही

सुमेधा_डॅलस:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागते. आम्ही डॅलसला राहतो आणि शेजारी एक आजोबा आहेत, आयुष्यभर विमानांचे मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. शनिवारी कुंपणापाशी गप्पा चालल्या होत्या, सासूबाई सांगलीहून आल्यात आणि त्यांना ह्यूस्टनला नणंदेकडे जायचंय, मी म्हटलं तासाभराची तर फ्लाईट, साउथवेस्टने पाठवते. त्यावर आजोबा हसून म्हणाले, पाठव की, पण २००८ साली इथे काय रामायण झालं होतं ते माहितीये का तुला? आणि मग गवत कापायचं मशीन बंद करून अर्धा तास सांगत बसले.

मला कळलं ते असं. या साउथवेस्ट कंपनीने काही जुन्या विमानांची एक सक्तीची तपासणी केलीच नव्हती, ते लक्षात आल्यावर कंपनीनेच एफएएला म्हणजे इथल्या विमान खात्याला जाऊन सांगितलं, आणि असं स्वतःहून सांगितलं की दंड करायचा नाही अशी खात्याची रीतसर योजनाच आहे म्हणे. पण मग पुढे दंड झाला, संसदेत चौकशी झाली, एक अधिकारी साक्ष देताना रडला वगैरे. आजोबांची गाडी इतक्या वेळा फाटे फोडत होती की माझा धागा सुटला, आणि त्यांचं टेक्सन इंग्लिश मला अजूनही निम्मंच कळतं.

माझा प्रश्न साधा आहे. मी सिग्नल तोडला आणि पुढच्या चौकात जाऊन सांगितलं की मामा, मागे तोडला हो मी, तर मामा पावती फाडणार नाही? ज्यात शे-दीडशे लोक बसतात त्या वस्तूबद्दल असली सवलत कशी काय देतात? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज समजेल असं सांगा.

पेठेतला_पुणेकर:
आमच्या इथे असं सांगायला गेलात तर मामा आधीच्या चौकाची पण पावती फाडतील.
बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_पाना:
सुमेधाताई, मी मेकॅनिकच. सांताक्रूझला हँगरमध्ये ३१ वर्षं काढली, त्यामुळे तुमच्या शेजारच्या आजोबांशी माझं जमेल असं दिसतंय.

आधी ती तपासणी कसली होती ते समजून घ्या, नाहीतर सगळी चर्चा हवेत जाईल. विमान वर गेलं की आत हवेचा दाब ठेवावा लागतो, म्हणजे धड फुग्यासारखं थोडं फुगतं, आणि खाली आलं की परत बसतं. साउथवेस्टसारखी कंपनी छोट्या पल्ल्याची उड्डाणं करते, एकच विमान दिवसात सहा-सात वेळा फुगतं आणि बसतं. वीस वर्षं हे चाललं की पत्र्याला रिव्हेटच्या भोकांपाशी केसासारखे तडे जायला लागतात. तार तुटेपर्यंत इकडे-तिकडे वाकवतो ना आपण, तसंच.

हे तडे डोळ्यांना दिसतीलच असं नाही. एक पेनाएवढा प्रोब पत्र्यावरून रिव्हेटच्या रांगेने हळूहळू फिरवायचा, हातातल्या यंत्राच्या पडद्यावर ठिपका असतो, तडा आला की ठिपका उडी मारतो. एडी करंट म्हणतात त्याला. माणूस शिडीवर मान वाकडी करून तास न् तास तेच करतो, डोळे फुटायची वेळ येते.

आणि ही तपासणी करा असा हुकूम विमान खातं काढतं त्याला पण एडीच म्हणतात, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. ईडी नव्हे हो, एडी, पण आमच्या धंद्यात दरारा तेवढाच. एडीची मुदत संपली आणि काम झालं नाही तर ते विमान कायद्याने उडायलाच लायक नाही. मग पत्रा नवा कोरा असला तरी नाही.

हे सगळं इतकं कडक का, तर १९८८ चं अलोहा. २८ एप्रिलला हवाईत हिलोहून होनोलुलूला निघालेलं ७३७, २४,००० फुटांवर पुढच्या भागाचं छप्परच उडून गेलं, जवळजवळ १८ फूट. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, तिचं शरीरसुद्धा मिळालं नाही. प्रवाशांनी पट्टे बांधलेले होते म्हणून ते वाचले आणि वैमानिकांनी ते उघडं विमान माऊई बेटावर उतरवलं. त्या विमानाची ८९,००० च्या वर उड्डाणं झालेली होती. आता तुमच्या विषयाशी जोडलेली गोष्ट ऐका, विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दारापाशी पत्र्याला तडा दिसला होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. चौकशी अहवालात आहे हे.

मला नोकरीभर त्या बाईंचा राग यायचा, आता येत नाही. आपण तरी बोललो असतो का, एवढे युनिफॉर्मवाले लोक उभे असताना?

खतावणी:
पाना काका, माहिती मस्त, पण मूळ प्रश्न बाजूला राहिला. मी पेशाने सीए आहे त्यामुळे मला या प्रकरणात विमानापेक्षा कागद जास्त दिसतात, आणि कागद वाईट आहेत.

एफएएने ६ मार्च २००८ ला आरोप जाहीर केले ते असे. ४६ बोईंग ७३७, जून २००६ ते मार्च २००७, तपासणी न करता ५९,७९१ उड्डाणं. हे झालं चुकून, म्हणजे कंपनीच्या याद्यांमध्ये गफलत होती असं धरून चालू. ठीक आहे, माणूस चुकतो. पण १५ मार्च २००७ ला कंपनीला कळलं की आपण चुकलोय, खात्याला सांगितलं पण, आणि त्यानंतरही २३ मार्चपर्यंत तीच ४६ विमानं उडवली, आणखी १,४५१ उड्डाणं! नंतर तपासली तेव्हा त्यातल्या ६ विमानांना खरंच तडे निघाले.

सुमेधाताई, तुमच्या सिग्नलच्या उदाहरणात हे असं बसतं, की तुम्ही मामाला सांगितलं मी सिग्नल तोडला, मामा म्हणाले शाब्बास, प्रामाणिक आहेस, आणि तुम्ही त्यांच्यासमोरच पुढचे आठ दिवस रोज तोडत राहिलात.

आणि मामाला हे माहीत होतं, हा यातला कळस. कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या एफएएच्या टीमचा जो प्रमुख तपासनीस होता त्यानेच हे चालू दिलं, वर कंपनीला सल्ला दिला की रीतसर स्वयंघोषणा भरा म्हणजे दंड लागणार नाही. हे मी नाही, परिवहन खात्याचे इन्स्पेक्टर जनरल कॅल्व्हिन स्कोव्हेल यांनी अमेरिकन काँग्रेसच्या म्हणजे तिथल्या संसदेच्या कमिटीला सांगितलं. आणि कंपनीकडून खात्याशी व्यवहार बघणारा मॅनेजर कोण, तर आदल्या काळात खात्यातच याच्या हाताखाली काम केलेला माणूस. टेबलाच्या या बाजूचा उठून त्या बाजूला बसला, चहा तोच.

आपल्याकडे १९९७ ला उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करायची योजना आली होती ना, तेव्हा मी आर्टिकलशिप करत होतो. काळा पैसा दाखवा, ३० टक्के कर भरा, काही विचारणार नाही. लोकांनी दागिने १९८७ च्या भावाने दाखवून कर भरला, कारण योजनेत तशी सोय होती. प्रामाणिकपणे दरवर्षी कर भरणारा आमचा एक क्लायंट ऑफिसात येऊन विचारायचा की मी येडा आहे का. त्याला द्यायला आमच्या सरांकडे उत्तर नव्हतं. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे, अशा माफीने सज्जन माणूस मूर्ख ठरतो.

उजवी_सीट:
खतावणी साहेब, आकडे बरोबर आहेत पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची भेळ करताय. मी नाशिकचा, गेली नऊ वर्षं अमेरिकेत एका छोट्या एअरलाईनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणजे सह-वैमानिक, आणि या 'स्वतःहून सांगा' प्रकारावर माझं पोट आहे असं म्हटलं तरी चालेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीने सांगणं वेगळं आणि माणसाने सांगणं वेगळं. माणसाने सांगायची जी सिस्टीम आहे तिचा जन्म एका डोंगरावर झाला. १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूएचं फ्लाईट ५१४, बोईंग ७२७, वॉशिंग्टनच्या गावातल्या एअरपोर्टवर उतरायचं होतं पण वारा फार म्हणून डलेस एअरपोर्टला वळवलं. कंट्रोलरने सांगितलं अप्रोचला, म्हणजे उतरायच्या मार्गाला लागायला, परवानगी आहे. वैमानिकांना वाटलं म्हणजे आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही, नाहीतर कंट्रोलर थांबवेल. कंट्रोलरला वाटलं डोंगर पार होईपर्यंत उंची राखायची ती वैमानिकांनी. मध्ये व्हर्जिनियातला माउंट वेदर. ९२ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

चौकशीत काय निघालं, सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच ठिकाणी याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत प्रामाणिकपणे रिपोर्ट दिला, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध पण केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना ते कोण सांगणार? वेगळी कंपनी.

मग एफएएने १९७५ मध्ये योजना काढली की चुका आम्हाला कळवा, शिक्षा करणार नाही. लोकांनी कळवायला हात आखडता घेतला, साहजिक आहे, लायसन्स काढून घेणाऱ्याच्या हातात कोण आपणहून कागद देईल? म्हणून १९७६ ला ते काम नासाला दिलं. चंद्रावर माणूस पाठवणारी नासा, हो तीच. कारण नासा कोणाचं लायसन्स रद्द करू शकत नाही. फॉर्मला वरती एक पट्टी असते, नाव-पत्ता-फोन, नासावाले रिपोर्ट वाचतात, काही विचारायचं असेल तर फोन करतात, मग ती पट्टी कापून शिक्का मारून तुमच्याकडेच परत पाठवतात. त्यांच्याकडे तुमचं नाव उरतच नाही. पुढे कधी एफएएने पकडलं तर ती पट्टी दाखवायची, चूक नोंदली जाते पण दंड किंवा लायसन्स सस्पेंड होत नाही. अटी आहेत, दहा दिवसांत कळवलेलं पाहिजे, मुद्दाम केलेलं नको, गुन्हा किंवा अपघात नको, मागच्या पाच वर्षांत आधीचं काही सिद्ध झालेलं नको.

आता माझाच किस्सा. तीन वर्षांपूर्वी रात्री उतरताना ११,००० फुटांवर थांबायचं होतं, मी १०,००० लावलं, कॅप्टन रेडिओवर दुसरं काहीतरी बोलत होता, त्याचं बघायचं राहिलं. १०,७०० ला कंट्रोलरचा आवाज आला, तुमची उंची सांगा. पोटात गोळा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. कोणी जवळपास नव्हतं, काही झालं नाही. हॉटेलात गेल्यावर बूट पण न काढता पलंगाच्या कडेवर बसून फॉर्म भरला. आमच्यात एकमेकांना विचारतातच, नासा टाकला का रे?

त्याचबरोबर कंपनीतला पण एक रिपोर्ट असतो, एसॅप म्हणतात, तो चोवीस तासांत. तो तीन जणांच्या कमिटीपुढे जातो, एक कंपनीचा, एक युनियनचा, एक एफएएचा, आणि तिघांचं एकमत लागतं. मला फोन आला, किती वाजता उठला होतास, जेवला होतास का, आकडा लावल्यावर बोटाने दाखवून मोठ्याने म्हणायची पद्धत आहे ती केलीस का. नव्हती केली. तेही सांगितलं. दोनेक महिन्यांनी ट्रेनिंगला गेलो तर स्लाईडवर माझाच प्रसंग, नाव नाही, गाव नाही. शेजारचा म्हणतो, काय येडा असेल ना हा. मी म्हटलं, असेल बाबा.

दारू, ड्रग्ज, खोट्या नोंदी, मुद्दाम केलेला गुन्हा, यांना त्या कमिटीत माफी नाही. हे खतावणी साहेबांसाठी.

सुमेधा_डॅलस:
उजवी_सीट, तुमचं वाचून घाम फुटला पण समजलं. पाना काका, त्या बाईंचं मनातून जात नाहीये.

पण मग कंपनीचं काय? वैमानिकाचं पटलं मला, माणूस आहे, दमतो, चुकतो. कंपनी काय दमते? तिच्याकडे वकील आहेत, कॉम्प्युटर आहेत. तिला माफी कशाला?

उजवी_सीट:
ताई, कंपनीसाठीची योजना वेगळी आहे, आणि कागदावर ती अजिबात वाईट नाही. खात्याचे इन्स्पेक्टर किती असणार, मोजकेच, आणि इथे रोज हजारो विमानं उडतात, प्रत्येक रिव्हेटपाशी सरकार उभं राहू शकत नाही. चूक आधी कोणाला दिसते, तर कंपनीच्याच माणसाला. त्याने सांगितल्यावर लाखांचा दंड बसणार असेल तर पुढच्या वेळी त्याचा साहेब म्हणेल, गप्प बस, कोणाला कळतंय. म्हणून दंड नाही. पण त्या बदल्यात खात्याला आधी कळलेलं नसावं, चूक मुद्दाम नसावी, कळल्याबरोबर ते काम जागच्या जागी थांबलं पाहिजे, परत होऊ नये म्हणून काय करणार ते लेखी द्यायचं आणि खात्याने नंतर जाऊन ते झालंय का बघायचं.

साउथवेस्टच्या वेळी 'जागच्या जागी थांबलं पाहिजे' इथेच सगळं फसलं. कागदावर थांबलं, धावपट्टीवर नाही.

कंपनीची बाजू पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. त्यांचं म्हणणं होतं की बोईंगला विचारलं होतं, दहा दिवसांत तपासणी केली तर सुरक्षेला धोका नाही असं उत्तर आलं होतं. इंजिनिअर म्हणून ते उत्तर बरोबरही असेल. पण एडीची मुदत वाढवायचा अधिकार बोईंगला नाही, खात्याला आहे, आणि त्यासाठी रीतसर मागणी करावी लागते.

खतावणी:
हे चांगलं समजावलंत. भेळ केली हे मान्य, १९९७ चं उदाहरण वैमानिकाला लागू नाही, तिथे माघार. पण कंपनीच्या बाबतीत मी हलणार नाही आणि का ते सांगतो, कारण यातली खरी गोष्ट अजून कोणी लिहिलीच नाही. हे बाहेर आलं कसं?

एफएएच्या त्याच ऑफिसातल्या दोन इन्स्पेक्टरांनी आणलं. बॉबी बूट्रिस आणि डग्लस पीटर्स. ते ऑफिसात सांगत राहिले, वर सांगत राहिले, आणि शेवटी काँग्रेसच्या परिवहन कमिटीकडे गेले. ३ एप्रिल २००८ ला सुनावणी झाली, अध्यक्ष जेम्स ओबरस्टार, कंपनीकडून संस्थापक हर्ब केलेहर आणि सीईओ गॅरी केली दोघंही आले होते. साक्ष देताना ज्यांचा कंठ दाटून आला ते पीटर्स. त्यांनी सांगितलं की एक वरिष्ठ ऑफिसात आले, टेबलावरचे घरच्यांचे फोटो बघून म्हणाले कुटुंब महत्त्वाचं असतं, आणि मग या सगळ्यात तुझी नोकरी जाऊ शकते असं सुचवून गेले.

म्हणजे बघा हां, कंपनीने स्वतःहून सांगितलं तर तिला माफी, आणि खात्याच्या माणसाने स्वतःहून सांगितलं तर त्याला बायका-पोरांचे फोटो. त्या काळात एफएए विमान कंपन्यांना आपले ग्राहक म्हणायला लागली होती, तशी ग्राहकसेवेची मोहीमच होती त्यांची. ओबरस्टार त्यावरून फार कडाडले, आणि बरोबरच होतं, खात्याचा ग्राहक तिकीट काढून बसलेला माणूस असतो. आणि कंपनी सगळ्या एडी वेळेत करते की नाही याची पद्धतच मुळात त्या ऑफिसने १९९९ नंतर तपासली नव्हती. म्हणजे ऑडिटरने आठ वर्षं वही उघडलीच नाही आणि दुकानदार म्हणतोय बघा मी स्वतःहून सांगितलं!

दंड १ कोटी २ लाख डॉलरचा सुचवला होता, मार्च २००९ ला ७५ लाखांवर मिटलं, वर सुधारणांच्या अटी. २०१२ च्या कायद्यात मग दोन गोष्टी आल्या, खात्यातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायला वेगळं स्वतंत्र ऑफिस, आणि इन्स्पेक्टरने नोकरी सोडली की दोन वर्षं त्याच कंपनीतर्फे खात्याशी व्यवहार करायला बंदी. चहा तोच राहिला असेल, निदान कप बदलायला दोन वर्षं लागतात.

यॉर्कर_किंग:
आणि तरीपण २०११ ला साउथवेस्टच्याच विमानाच्या छताला भोक पडलं की! ॲरिझोनात युमाला उतरवलं होतं ते. म्हणजे ७५ लाख पाण्यात. सगळे एकाच माळेचे मणी.

जुना_पाना:
यॉर्कर, थांबा जरा. युमाचं प्रकरण १ एप्रिल २०११ चं, भोक पडलं हे खरं, पण चौकशीत कारण निघालं ते कारखान्यातलं. विमान बनतानाच छताचा तो पत्रा नीट बसवला नव्हता, रिव्हेटची भोकं जुळली नव्हती. ठरलेल्या तपासण्या केल्या असत्या तरी ते सापडलं नसतं, कारण त्या जागी तेव्हा तपासणी सांगितलेलीच नव्हती. कंपनीला धुवायचं असेल तर २००७ साठी धुवा, २०११ साठी नको. आम्ही मेकॅनिक लोक या बाबतीत जरा किडे आहोत, चुकीच्या बोल्टला शिव्या घातलेल्या चालत नाहीत.

खतावणींनी सांगितलेल्या प्रकरणामुळे पुढे काय झालं ते पण ऐका. खात्याची अब्रू गेली, म्हणून खात्याने सगळ्याच कंपन्यांच्या एडी तपासायला घेतल्या, एकदम कडक. एप्रिल २००८ मध्येच अमेरिकन एअरलाईन्सची एमडी-८० विमानं, जवळजवळ ३००, चाकांच्या खोबणीतल्या वायरिंगच्या बांधणीवरून जमिनीवर बसली. वायर बांधायच्या दोन गाठींमधलं अंतर हुकुमाबरहुकूम आहे का, हा मुद्दा. चार दिवसांत ३,००० च्या वर फ्लाईट रद्द, लोक विमानतळावर झोपले. काल ग्राहक, आज चोर. मधलं काही नाहीच. असं झालं की हँगरमधला माणूस काय शिकतो, तर तोंड बंद ठेवायला.

आपणही फार हसायला नको. ३१ जानेवारी २०१४ ला याच एफएएने भारताचा दर्जा खाली आणला होता, कॅटेगरी टू, कारण आपल्या डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या विमान खात्याकडे, पुरेसे इन्स्पेक्टर नव्हते. आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवीन फ्लाईट सुरू करता येईनात. एप्रिल २०१५ ला परत मिळाला दर्जा.

आता ताईंच्या मूळ प्रश्नावर माझा एक अनुभव सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका.

रात्रपाळी, पहाटे तीन-साडेतीनची वेळ. विमानाच्या पोटाखाली एसीची मशिनरी असते, पॅक बे म्हणतो आम्ही, तिथे मी काम करत होतो. काम झालं, पॅनल लावलं, हत्यारं परत करायला गेलो तर ७/१६ चं सॉकेट नाही. हत्यारांचा बोर्ड असतो, प्रत्येक हत्याराची त्यावर आकृती रंगवलेली, म्हणजे काय नाहीये ते लांबून दिसतं. तिथे ती रिकामी आकृती माझ्याकडे बघत होती. विमान सकाळी सहाला जायचं होतं. मी जाऊन शिफ्ट इन्चार्जला सांगितलं. पॅनल परत उघडलं, चार जण टॉर्च घेऊन दोन तास शोधत होतो, आरसे घालून बघितलं, ट्रॉली उलटी केली, माझे खिसे दोनदा तपासले. नाही मिळालं. फ्लाईट लेट झाली, शेवटी साहेबांनी आत नाही असा शेरा मारला आणि विमान सोडलं.

मला काय बक्षीस, तर मेमो, आणि तीन महिने चाकं-ब्रेकच्या शॉपला बदली. वर ज्याच्यामुळे फ्लाईट लेट झाली तो हाच, अशी ओळख.

पुढे मी परत त्या शिफ्टला आलो तेव्हा एक गंमत दिसली. बोर्डावर एकही आकृती रिकामी नाही. पण मध्येमध्ये एखादं सॉकेट, एखादा स्पॅनर असा नवा चकचकीत, बाकीची सगळी ग्रीस खाऊन काळी पडलेली. पोरं हरवलं की गुपचूप मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून स्वतःच्या खिशातून नवीन आणून लटकवायची. ऑडिटला आलेल्या साहेबांनी बोर्ड बघून शाबासकी दिली, एकही हत्यार कमी नाही म्हणून. जुनी हत्यारं कुठे गेली असतील ते कोणी विचारलं नाही. मी चकचकीत मोजली होती, सात होती.

त्यामुळे खतावणी, सज्जन मूर्ख ठरतो म्हणता ना, तो माफीने पण ठरतो आणि शिक्षेने पण. मी दुसऱ्या प्रकारातला.

पेठेतला_पुणेकर:
काका, पॉपकॉर्न खाली ठेवलं. त्या सात हत्यारांचा विचार करतोय आणि परवा माझी फ्लाईट आहे.
वाचनखूण साठवली आहे.

उजवी_सीट:
काका, सलाम. आमच्याकडे हरवलेलं हत्यार कळवणाऱ्याला नासाचाच फॉर्म भरता येतो, मेकॅनिकसाठी वेगळा आहे, केबिन क्रूसाठी पण आहे. तरी माझ्या ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की वैमानिक जितके भरतात तितके आम्ही नाही भरत. वैमानिक चुकला तर तो पण विमानात असतो ना, त्यामुळे त्याला कबूल करायला जरा सोपं जात असेल.

खतावणी:
पाना काका, निरुत्तर. फक्त एक, ऑडिटला आलेल्या साहेबांनी चकचकीत सॉकेट बघून विचारायला हवं होतं. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात, सगळ्या वहीत एकच पान कोरं आणि नव्या शाईचं असेल तर तिथे थांब.

सुमेधा_डॅलस:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आजोबांना काल भाषांतर करून पाना काकांचा किस्सा सांगितला. ते काही बोलले नाहीत, त्यांच्या गॅरेजमधला बोर्ड दाखवायला घेऊन गेले मला, तशाच आकृत्या रंगवलेल्या, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी. बायकोची बागेची कात्री पण आकृतीत बसवलीये!

सासूबाई साउथवेस्टनेच गेल्या, पोचल्या, नणंदेला म्हणाल्या विमानात फक्त चिमूटभर खाऊ देतात.

काका, एक विचारायचं राहिलं, ते सॉकेट मिळालं का शेवटी?

जुना_पाना:
मिळालं. दीड वर्षाने तेच विमान मोठ्या चेकला आलं तेव्हा पॅक बेमध्ये एका डक्टच्या मागे, कंसात अडकलेलं. ज्याला मिळालं तो माझाच चेला होता. त्याने मला घरी फोन करून सांगितलं, कागदावर नाही लिहिलं. मीही त्याला लिही असं म्हटलं नाही.

सॉकेट आहे माझ्याकडे, देवघराच्या खालच्या खणात.